छत्रीवाल्या सशाचा पूल

बटनवालीला सगळे बटनवाली म्हणत, कारण तिच्या दुकानात पोरांचे हातातले व्हिडिओ गेम दुरुस्तीला यायचे आणि दहातल्या सातांचं दुखणं बटनाचंच असायचं. त्यातही उडीचं बटन. पडद्यावरच्या प्राण्याने जरा लांब उडी मारावी म्हणून पोरं ते असं जीव खाऊन दाबतात की विचारू नका! खालचं रबर झिजतं, बटन आत रुतून बसतं, मग आई नाहीतर बाबा कपाळाला आठ्या घालून दुकानात येतात. "ताई, बघा हो, परत मोडून ठेवला." बारा वर्षं तिने हेच ऐकलं होतं. दुकान तरी केवढं, एक काउंटर, भिंग लावलेला एक दिवा, स्क्रूच्या डब्या, आणि काउंटरमागे एक स्टूल. शाळा सुटली की त्या स्टुलावर तिची मुलगी येऊन बसायची. आठ वर्षांची, नाकाच्या शेंड्यावर राग, म्हणून मिरची. घरात दोघीच, त्यामुळे भांडायलाही दोघीच आणि समजूत काढायलाही दोघीच.

तर अशा या बटनवालीला एक दिवस परीक्षक व्हायचं पत्र आलं.

मुलांच्या खेळांना पसंतीचा शिक्का देणारी एक समिती होती. शिक्का म्हणजे खोक्यावर चिकटवायचं सोनेरी गोल स्टिकर. त्यावर दोनच ओळी: 'या वयाचं कोणतंही मूल हा खेळ एकट्याने पूर्ण करू शकेल. सर्व परीक्षकांची एकमताने पसंती.' ते स्टिकर पाहिलं की आईबाप खोकं उलटूनसुद्धा बघत नाहीत, सरळ विकत घेतात. परीक्षक चार. अध्यक्ष म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, पांढऱ्या भुवया, शिस्तीचे. दुसऱ्या डॉक्टरीणबाई, मुलांच्या मनावर उपचार करणाऱ्या. तिसरे समीक्षक, वर्तमानपत्रात दर आठवड्याला खेळांविषयी लिहिणारे, आणि आपण लिहितो ते सगळं जग वाचतं अशी खात्री असणारे. चौथी खुर्ची रिकामी होती. गेम हाताळणारं कुणीतरी हवं म्हणून सचिवांनी बटनवालीचं नाव सुचवलं. तिला आनंद झाला, का होऊ नये? तिने नवीन चप्पल घेतली.

परीक्षणाची तऱ्हा अशी. लागोपाठ चार शनिवार सकाळी सगळ्यांनी समितीच्या खोलीत जमायचं. खोलीत जाड गालिचा, चार आरामखुर्च्या, प्रत्येक खुर्चीवर एक गेम आणि कान पूर्ण झाकणारा भलामोठा हेडफोन. एकाच्या आवाजाचा दुसऱ्याला त्रास नको, म्हणून हेडफोनचा नियम अध्यक्षांनीच घातलेला. मधल्या सुट्टीत चहा. चौथ्या शनिवारी एका फॉर्मवर चौघांच्या सह्या, की शिक्का तयार.

या वेळचा खेळ होता 'छत्रीवाला ससा'. उड्या मारत पुढे जायचं, फळ्यांवरून, ढगांवरून, चाकांवरून. खोक्यावर लिहिलेलं, वय आठ आणि पुढे. पहिल्या दोन लेव्हल सोप्या. तिसऱ्या लेव्हलला एक पूल, त्याला अकरा फळ्या, सगळ्या दिसायला एकसारख्या. ससा पुढच्या फळीवर छत्रीचं टोक आपटतो. फळी चांगली असेल तर 'टिंग' वाजतं, कुजकी असेल तर 'टक'. टिंग वाजलं की पाय टाकायचा, टक वाजलं की फळी सोडून पलीकडे उडी मारायची. कुजक्या फळ्या दर वेळी बदलतात, त्यामुळे पाठ करून भागत नाही. बटनवालीने हेडफोन लावून तो पूल तिसऱ्या फटक्यात पार केला आणि खुर्चीतल्या खुर्चीत हसली. फारच गोड खेळ, असं तिचं मत झालं. समीक्षकांनी तर आपला लेख आधीच लिहून ठेवला होता.

तिसऱ्या शनिवारी परीक्षकांना घरी न्यायला एकेक प्रत मिळाली. बटनवालीने ती मिरचीच्या जुन्या गेममध्ये घालून तिच्या हातात दिली. मिरची स्टुलावर बसली ती बसलीच. पहिली लेव्हल झाली, दुसरी झाली, आणि पुलावर ससा धप्पकन पडला. परत पडला. सोमवारी पडला, मंगळवारी पडला. बुधवारी दुकानात ही गर्दी, एक बाई बिलावरून हुज्जत घालतेय, एका साहेबांना आत्ताच्या आत्ता गेम हवाय, आणि मागून मिरचीचं "आई, हा पूल बघ ना गं, आई, बघ ना" चालू. बटनवालीचं डोकं फिरलं. मागे न बघताच ती म्हणाली, "अगं, मी तिसऱ्या फटक्यात पार केला तो पूल! खोक्यावर काय लिहिलंय? वय आठ आणि पुढे. एवढंसुद्धा जमत नाही? ढ आहेस का?"

म्हणाली आणि विसरून गेली. आया विसरतात.

संध्याकाळी गणिताची वही उघडली तेव्हा मिरचीने पहिलंच उदाहरण पाहिलं आणि वही मिटली. "मला नाही येणार," ती म्हणाली. "मी ढ आहे." रडली नाही, आदळआपट नाही, काही नाही. शेजारणीने भाजीचा भाव सांगावा इतक्या साध्या आवाजात सांगितलं. एरवी ही पोरगी केस विंचरण्यावरून घर डोक्यावर घेणारी! बटनवालीने तिला जवळ घेतलं, समजावलं, गोष्ट सांगितली, शेवटी ओरडलीसुद्धा. मिरची ऐकून घेत होती, बस.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्या उघडल्या बटनवालीने ड्रॉवरमधून मिरचीचाच गेम काढला, आणि काउंटरवर उभ्या उभ्या ससा पुलावर आणला. पहिल्या फळीवर पडली, पुन्हा तिसरीवर. सतरा वेळा ससा पाण्यात गेला. हिला बारा वर्षांचा अनुभव, हिचे अंगठे अख्ख्या बाजारात नावाजलेले, आणि हिला पूल जमेना! अठराव्यांदा तिचं लक्ष कडेच्या बारक्या चाकाकडे गेलं. आवाजाचं चाक शून्यावर होतं.

तिने कपाळावर हात मारून घेतला. चाक शून्यावर कुणी ठेवायला लावलं होतं? तिनेच. "दुकानात गिऱ्हाइकं असतात, आवाज बंद" हा तिचाच हुकूम, मिरची स्टुलावर चढायला शिकली तेव्हापासूनचा. ना टिंग ना टक, पोरगी चार दिवस आंधळ्यासारखी फळ्या चाचपत होती.

मग तिला आणखी एक सुचलं. दुरुस्तीला आलेले गेम एका टोपलीत पडले होते, एकूण अकरा. तिने एकेक उचलून चाक पाहिलं. नऊ शून्यावर. तिला ते नवीन नव्हतंच मुळी. किती गेमच्या चाकाच्या फटीत तिने धूळ साचलेली पाहिली होती, कारण ते चाक कधी फिरवलंच जात नाही. बसमध्ये आवाज बंद कर, आजी झोपल्यात आवाज बंद कर, बाबा फोनवर आहेत आवाज बंद कर. पोरं गेम खेळतात ती मुक्यानेच. हे तिच्या हातांना ठाऊक होतं, आणि तरी त्या गालिच्याच्या खोलीत हेडफोन चढवून ती स्वतःच म्हणाली होती, काय गोड खेळ!

शाळेतून मिरची आली तशी तिने सांगितलं, "अगं, तुझी चूक नाहीच. आवाज लाव आणि खेळ, बघ कसा पटकन जमतो."

मिरचीने गेमकडे पाहिलंसुद्धा नाही. "आता तू सांगितलंस ना. एकट्याने जमायला हवं होतं. खोक्यावर आवाजाचं कुठे लिहिलंय?"

"नाही लिहिलेलं."

"मग बाकीच्यांना जमत असणार. मला नाही जमलं." आणि दप्तर उघडून ती चित्र काढत बसली.

आता सांगा, आईने काय करावं? बटनवालीच्या डोक्यात रात्रंदिवस एकच. शनिवारी तिची सही झाली की त्या खोक्यावर सोनेरी स्टिकर लागणार, कोणतंही मूल, एकट्याने, एकमताने. मग आपल्या पोरीला कुठल्या तोंडाने सांगायचं की खोकं खोटं आहे? खाली आईचीच सही!

शनिवारी तिने जुनीच चप्पल घातली.

सचिवांनी फॉर्म टेबलावर ठेवला. समीक्षकांनी वाचायच्या आधीच सही केली. पेन फिरत बटनवालीकडे आलं, तिने ते फॉर्मवर आडवं ठेवलं.

"मी सही करणार नाही," ती म्हणाली.

सचिवांचा चहा बशीत सांडला. "म्हणजे?"

"म्हणजे नाही करणार." आणि तिने सगळं सांगितलं, चाक, टोपली, नऊ गेम, पूल. मिरचीचंही सांगितलं. ढ म्हणाल्याचं तेवढं गिळलं.

"एवढंच ना?" समीक्षक हसले. "मग मुलांनी आवाज लावावा. कानांनी खेळायचा खेळ आहे हा! तीच तर यातली गंमत. मी लेखात लिहिलंय तसं."

"कुठे लावावा आवाज?" बटनवालीने विचारलं. "बसमध्ये? घरी? तुमच्या घरी नातवंडं येतात तेव्हा तुम्ही लेख लिहीत असता ना? काय सांगता त्यांना?"

समीक्षकांनी चष्मा पुसायला घेतला.

"श्रवणकौशल्य वाढतं अशा खेळाने," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पण सावकाश. "एकाग्रता वाढते."

"बाई, तुमच्या दवाखान्यात मी लेकीला घेऊन आले होते मागे. बाहेरच्या बाकासमोर भिंतीवर पाटी काय लावलीय तुम्ही?"

डॉक्टरीणबाई खुर्चीत मागे टेकल्या. मग म्हणाल्या, "गेमचा आवाज बंद ठेवावा." आणि त्यांचं त्यांनाच हसू आलं.

"हे वैयक्तिक होतंय," अध्यक्ष म्हणाले. पांढऱ्या भुवया वर गेल्या. "चाळीस वर्षं मुलं हाताळलीत मी. मन लावलं तर मूल काहीही करू शकतं. कारणं सांगणारी मुलं मी पुष्कळ पाहिली."

इथे मात्र बटनवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती उठली, चारही खुर्च्यांवरचे हेडफोन गोळा केले आणि खिडकीत नेऊन ठेवले. मग प्रत्येक गेमचं चाक अंगठ्याने शून्यावर आणलं. "मग लावा मन. बसा. पंधरा मिनिटं. तिसरी लेव्हल."

"अहो, असं कसं चालेल?" सचिव म्हणाले.

"न चालायला काय झालं? आठ वर्षांच्या पोरांचा खेळ आहे. तुम्ही तर मोठी माणसं."

अपमान एकवेळ गिळला असता, पण आपण घाबरलो असं दिसणं तिघांनाही चालणार नव्हतं. तिघेही बसले. काय ती शांतता! चार भिंती, जाड गालिचा, आणि बटनांची खटखट. पहिले समीक्षक पडले. "अरेच्चा." परत पडले. डॉक्टरीणबाईंनी ओठ दाबून धरला आणि पाचव्या फळीपर्यंत गेल्या, सगळ्यांनी वळून पाहिलं, तेवढ्यात त्याही पाण्यात. अध्यक्ष बटन जोरजोरात दाबत होते. कानाच्या पाळ्या लाल होत चालल्या होत्या. बटनवाली त्यांच्या खुर्चीमागे उभी राहून मोजत होती. दहा, अकरा, बारा.

पंधरा मिनिटं झाली. कुणीही पलीकडे गेलं नव्हतं.

"माझ्या गेममध्ये बिघाड आहे," समीक्षक म्हणाले. "बटन अडकतंय."

बटन अडकतंय, हे कुणाला सांगत होते? बटनवालीने गेम हातात घेतला, बटन दोनदा दाबलं, परत दिला. "ठणठणीत आहे."

"मला आज जरा झोप कमी झालीय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

अध्यक्षांनी गेम मांडीवर ठेवला. एकवीस वेळा पडले होते. "वयोमान," ते म्हणाले. "डोळ्यांना त्रास होतो."

बटनवालीला वाटलं होतं, या क्षणी आपल्याला हसू येईल. हसू आलं नाही. "बघा," ती म्हणाली, "तुमच्याकडे सबबी आहेत. बटन आहे, झोप आहे, वय आहे. माझ्या मुलीकडे यातलं काही नव्हतं हो. आठ वर्षांचं वय, डोळे धड, झोप झालेली, गेम मी स्वतः दुरुस्त केलेला. मग ती काय समजली? मी ढ आहे, असं समजली. त्या दिवसापासून गणिताची वही उघडत नाही. आणि त्या खोक्यावर तुम्ही सोनेरी अक्षरात लिहिणार, कोणतंही मूल! किती पोरं रात्री असं समजून झोपणार, याचा हिशेब कुणी मांडायचा?"

मग सचिवांनी घसा खाकरला. "मॅडम, तुमचं म्हणणं कळतंय. पण स्टिकर छापून आलेत. खोकी तयार आहेत. आणि, आता बोलायला नको, पण हा खेळ काढणाऱ्या कंपनीच्या दुरुस्त्यांचं सगळं काम तुमच्या दुकानाला द्यायचं घाटत होतं. मीच शब्द टाकला होता."

"घाटू दे नाहीतर फिसकटू दे. खोक्यावर लिहा, आवाज लावल्याशिवाय तिसरी लेव्हल पार होत नाही. एका ओळीचं काम. लिहिलंत की आत्ता सही करते, दोनदा करते."

"खोकी पुन्हा छापायची?" सचिवांनी हात जोडले. "शक्य नाही. मग नाइलाज आहे. नियमाने चार सह्या लागतात. तुमच्या जागी सोमवारपर्यंत दुसरा परीक्षक घ्यावा लागेल."

"घ्या. खुशाल घ्या," बटनवाली पिशवी उचलत म्हणाली. "पण त्यालाही हेडफोन काढून बसवा. आणि त्याच्यानंतर येईल त्यालाही. कोण सही करतो तेच बघते मी!"

डॉक्टरीणबाईंनी फॉर्म स्वतःकडे ओढला, पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. "मीही आज नाही करत," त्या सचिवांना म्हणाल्या. "मला आधी ती पाटी काढायचीय." समीक्षक आपल्या सहीकडे बघत बसले. दारातून बटनवालीने मागे पाहिलं तर अध्यक्ष पुन्हा गेम हातात घेऊन वाकले होते, आणि बाविसाव्यांदा पडले.

ती दुकानात आली तेव्हा बारा वाजून गेले होते. शेजारच्या शिंपीणमावशींनी मिरचीवर लक्ष ठेवलं होतं. मिरची स्टुलावर बसून पाय हलवत होती. बटनवालीने शटर अर्धं खाली ओढलं, म्हणजे गिऱ्हाईक यायला नको, आणि सगळं सांगितलं. आरामखुर्च्या, खटखट, सबबी. मिरची आधी ऐकत नसल्यासारखं करत होती. मग पाय हलायचे थांबले.

"खोटं," ती म्हणाली.

"अगदी शपथ."

"डॉक्टरपण पडली?"

"पाचव्या फळीवर."

"मी सातव्या फळीपर्यंत गेले होते." मिरचीने जरा मान ताठ केली. "आणि ते मुख्याध्यापक? किती वेळा?"

"माझ्यासमोर बावीस. मी निघाले तेव्हाही पडतच होते."

मिरची फिदीफिदी हसली. तीन दिवसांनी हसली. बटनवालीला वाटलं, सुटलो, झालं, जिंकलो आपण. तिने पिशवीतून डबा काढला, दोघींपुरतं वाढायला घेतलं.

मिरची मात्र काहीतरी जुळवत होती. भुवया एकमेकींना टेकल्या. "आई, ते बावीस वेळा पडले, तेव्हा त्यांना कुणी ढ म्हटलं?"

"नाही गं. त्यांना कोण म्हणणार?"

"तू म्हटलंस?"

"नाही."

"मग मला का म्हटलंस?"

बटनवालीचा हात डब्यातच राहिला. गर्दी होती, सांगता आलं असतं. ती बिलवाली बाई होती, ते साहेब होते. सबबी तिच्याकडेही पुष्कळ होत्या. तिने एकही काढली नाही.

"चुकले मी," ती म्हणाली. "न बघता बोलले. तू ढ नाहीस, कधीच नव्हतीस. माझं चुकलं, मिरची."

मिरचीचे डोळे भरून आले होते, पण ते पुसायला ती काही तयार नव्हती. मग स्टुलावरून उतरली, काउंटरवरचं पावतीपुस्तक ओढलं, एक कोरी पावती फाडली आणि पेनासकट आईपुढे सरकवली.

"लिहून दे," ती म्हणाली. "आणि खाली सही कर."

बटनवालीने लिहिलं. माझी मुलगी ढ नाही, मी तिला न बघता ढ म्हणाले, ही माझी चूक. खाली तारीख घातली आणि पूर्ण नावाची सही केली. मिरचीने कागद घेतला, एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचला, आणि दप्तरातली गणिताची वही काढून तिच्यात घातला.